नाटकी कॉम्प्युटर आणि शंभर पानी वही

मित्रांनो, आज आपण एक गोष्ट रचू या. गोष्टीतलं घर आहे हिंगोली जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं. शिवारात हळद, घरात आई-बाबा, आजी, दहावीतली ताई आणि सातवीतले तुम्ही. कोपऱ्यातल्या टेबलावर आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरून बसलेला एक जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर. घर रचलेलं आहे. पण या कॉम्प्युटरचं दुखणं मात्र अगदी खरं. तुमच्या घरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत कधी ना कधी ते तुम्हाला भेटणारच.

दुखणं असं : हा गडी कधी सुरू होतो, कधी होत नाही.

आज बटण दाबलं की पटकन सुरू. उद्या बटण दाबा, पुन्हा दाबा, ढिम्म हलायचा नाही. मग पाचव्या-सहाव्या वेळी आपण होऊन सुरू होतो आणि दिवसभर गुणी बाळासारखा चालतो! ताईचा प्रकल्प त्याच्यात. बाबांचा हळदीचा हिशेब त्याच्यात. आणि गेल्या वर्षी वारलेल्या आजोबांचे सगळे फोटो त्याच्यातच, दुसरीकडे कुठेही नाहीत.

ताई चिडून म्हणते, “नाटकं करतोय मेला!”

आजी म्हणते, “अगं, गारठ्यात मलाच उठवंना झालंय, त्या डब्याला काय उठवंल?”

सगळे हसतात. आजीचं हे वाक्य मात्र लक्षात ठेवा हं. पुढे कामाला येणार आहे.

शेवटी बाबा खोकं मांडीवर घेऊन एसटीने वसमतला जातात. दुकानदार वायर लावतो, बटण दाबतो. सुरू! पुन्हा दाबतो. सुरू! दहा वेळा दाबतो, दहाही वेळा सुरू. “काही झालेलं नाही साहेब, घेऊन जा.” बाबा परत येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच!

आता सांगा, कॉम्प्युटर खरंच नाटकं करतो का?

नाही. यंत्राला ना राग येतो, ना रुसवा. ते अडतं त्या वेळी काहीतरी वेगळं असतं आणि चालतं त्या वेळी काहीतरी वेगळं असतं. ते ‘वेगळं’ काय, एवढंच आपल्याला शोधायचं आहे. त्यासाठी लागणारं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे एक शंभर पानी वही.

आधी फोटो, मग दुरुस्ती

पण थांबा! वही उघडण्याआधी एक काम. कॉम्प्युटर ज्या क्षणी सुरू होईल, त्या क्षणी आजोबांचे फोटो, प्रकल्प आणि हिशेब यांची नक्कल पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढून घ्या. अडखळणारं यंत्र एके दिवशी कायमचं थांबू शकतं. नवा सुटा भाग बाजारात मिळतो; आजोबांचा फोटो मिळत नाही. ही पायरी झाल्याशिवाय पुढची नाही!

बटण दाबल्यावर आत काय होतं?

ज्या खोक्याला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणतो, त्याचं खरं नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे त्याच्या आतली बिस्किटाएवढी चिप. या खोक्यात मागच्या बाजूला, जिथे विजेची वायर लागते तिथे, एक पत्र्याचा डबा असतो. त्याचं नाव पॉवर सप्लाय; दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात.

तुमच्यापैकी शेतावर जाणाऱ्यांना त्याचं काम लगेच कळेल. कॅनॉलचं पाणी कोणी थेट सरीत सोडत नाही. ते आधी पाटात, मग दांडात, मग सरीत. आणि दारं धरायला माणूस लागतो. घरातली वीज साधारण २३० व्होल्टची. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना हवी असते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, तीही अगदी एकसारखी. पॉवर सप्लाय हा तिथला दारं धरणारा.

आपण समोरचं बटण दाबतो तेव्हा दिव्याच्या बटणासारखी वीज थेट आत जात नाही. बटण फक्त मदरबोर्डला निरोप देतं. मदरबोर्ड पॉवर सप्लायला सांगतो, “पाणी सोड.” पॉवर सप्लाय वीज सोडतो, ती एकसारखी वाहते आहे की नाही ते बघतो आणि मगच ‘सगळं ठीक’ असा इशारा उलट पाठवतो. या सगळ्याला सेकंदाचा काही भाग पुरतो. इशारा आला तरच पुढची गाडी हलते. नाहीतर सारं तिथेच थांबतं.

इशारा आला की मदरबोर्ड हजेरी घेतो. रॅम आहे का? हजर. कीबोर्ड? हजर. हार्ड डिस्क? हजर. मग हार्ड डिस्कवरून विंडोजसारखी प्रणाली उचलली जाते आणि पडद्यावर चित्र येतं.

म्हणून ‘सुरू होत नाही’ एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरांना ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगण्यासारखं झालं. कुठे अडलं ते बघायला शिका.

• दिवा नाही, पंखा नाही, किंवा पंखा क्षणभर फिरून थांबतो : संशय विजेच्या वाटेवर. बोर्ड, वायर, पॉवर सप्लाय, समोरचं बटण.

• पंखा फिरतो, पण पडदा काळाच. कधी ‘पी पी’ असा आवाज : संशय हजेरीवर. बहुतेक वेळा रॅम. (आवाजाचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो. तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतो.)

• कंपनीचं नाव दिसतं आणि तिथेच घोडं अडतं : संशय हार्ड डिस्कवर, तिच्या वायरवर किंवा प्रणालीवर. डिस्क ‘टक टक’ करत असेल तर घाई करा. ती फार दिवसांची सोबती नाही.

पाकोळी आणि वही

आता वहीकडे वळू. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क-२’ नावाचा एक अवाढव्य संगणक होता. त्यात चिप नव्हत्या. खटाखट उघडझाप करणारे रिले होते. ९ सप्टेंबर १९४७ या दिवशी तो बिघडला. लोकांनी शोधाशोध केली, तर ७० नंबरच्या रिलेत चक्क एक पाकोळी अडकलेली! त्यांनी ती काढली आणि कामाच्या वहीत चिकटपट्टीने चिकटवून टाकली. शेजारी वेळ लिहिली : दुपारचे पावणेचार. ते पान आजही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणायची पद्धत त्याआधीपासूनची, एडिसनच्या काळापासूनची. त्यामुळे खरा किडा सापडल्यावर त्या मंडळींना फारच गंमत वाटली. ही गोष्ट सगळे पाकोळीसाठी सांगतात. मला मात्र त्यातली वही आवडते. किती वाजता कोणती चाचणी केली, काय झालं, हे ते लोक रोज लिहीत होते. म्हणून तर पाकोळीला चिकटायला पान मिळालं!

आपल्या कुरुंद्याच्या घरातही वही सुरू झाली. ताईने रकाने आखले : वार, वेळ, हवा, लाइटची स्थिती, काय दिसलं, कितव्या वेळी सुरू. आठवडा असा भरला :

सोमवार, सकाळी ६.३०. कडक थंडी. पंखा क्षणभर फिरून थांबला. पाचव्या वेळी सुरू.

सोमवार, दुपारी ३. ऊन. पहिल्याच वेळी सुरू.

मंगळवार, सकाळी ६.३०. कडक थंडी. सातव्या वेळी सुरू.

बुधवार, सकाळी ९.३०. कोवळं ऊन. दुसऱ्या वेळी सुरू.

गुरुवार, संध्याकाळी ७. शेतातल्या मोटारी चालू, दिवा मंद. पहिल्याच वेळी सुरू.

शुक्रवार, सकाळी ६.३०. कडक थंडी, दिवा लख्ख. सहाव्या वेळी सुरू.

बाबांचं पहिल्यापासून मत होतं, “व्होल्टेज कमी येतं, म्हणून अडतो.” वहीत बघा बरं. गुरुवारी दिवा मंद असताना तो सुरू झाला आणि शुक्रवारी दिवा लख्ख असताना अडला. म्हणजे व्होल्टेजवरचा संशय बराच कमी झाला. कोणी कोणाशी भांडलं नाही. वहीनेच निकाल दिला.

मग दोष थंडीचा? ताई मात्र वकिलासारखी बोलली, “थांबा! सकाळी थंडी असते हे खरं. पण सकाळी तो रात्रभर बंद राहिलेला असतो, हेही खरं. दोष थंडीचा की रात्रभर बंद राहण्याचा?”

शाब्बास ताई! हे ठरवायचं कसं? वाचणं थांबवा आणि एक मिनिट विचार करा.

सुचलं? रविवारी सकाळी कॉम्प्युटरला कोणी हातच लावला नाही. रात्रभर बंद, सकाळभर बंद. दुपारी ३ वाजता उन्हं वर असताना पहिल्यांदा बटण दाबलं. पहिल्याच वेळी सुरू! म्हणजे बंद राहण्याचा दोष नाही. दोष गारठ्याचा. आजी जिंकली!

आणि आता वसमतचं कोडंही सुटलं. बाबा दुकानात पोचले तेव्हा दुपार झालेली. कॉम्प्युटर तिथे गुणी झाला तो लबाडीने नव्हे, उबेने.

थंडीत काय बिघडतं?

पॉवर सप्लायमध्ये आणि मदरबोर्डवर छोट्या पिंपासारखे भाग असतात. त्यांना कपॅसिटर म्हणतात. ते म्हणजे विजेचे चिमुकले हौद. वीज कमी-जास्त झाली तरी हौदातून पुढे धार एकसारखी जाते. यातल्या पुष्कळ कपॅसिटरमध्ये एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो हळूहळू सुकतो. साधारण हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. उरलेला द्रव थंडीत आणखी आळशी होतो. मग धार एकसारखी होत नाही, ‘सगळं ठीक’ हा इशारा जात नाही आणि कॉम्प्युटर उठत नाही. चार-पाच वेळा बटण दाबलं की भाग थोडे ऊब धरतात आणि गाडी चालू! दुखणारा कपॅसिटर कधी डोक्यावर फुगलेला दिसतो, पण दर वेळी दिसेलच असं नाही. २००० सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड असेच फुगून बिघडले होते.

सुरू होण्याची घडी यंत्राला नेहमीच जड जाते. १९४६ साली जगासमोर आलेल्या अमेरिकेच्या ‘एनियाक’ संगणकात सुमारे १८,००० काचेच्या नळ्या होत्या. त्या जास्त करून संगणक चालू-बंद करतानाच उडायच्या. म्हणून तो शक्यतो बंदच करत नसत! आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’मध्येही सुमारे २,७०० नळ्या होत्या. घरातले जुने पिवळे बल्ब आठवतात का, आई-बाबांना विचारा. तेही बटण दाबतानाच उडायचे.

एका वेळी एकच

संशय पक्का झाला तरी थेट पैसे खर्चायचे नाहीत. आधी फुकटचं, मग स्वस्त, मग महाग. आणि एका वेळी एकच बदल! रॅम पुसली, वायर बदलली, बोर्डही बदलला आणि कॉम्प्युटर सुरू झाला, तर नेमकं कशाने झालं? कोणालाच कळणार नाही.

पहिल्या दिवशी पॉवरची वायर दुसऱ्या चांगल्या बोर्डावर लावून पाहिली. एक्स्टेन्शन मधून काढलं. वहीत नोंद : सकाळी तसंच.

दुसऱ्या दिवशी बाबांसमोर खोकं उघडलं. आत हळदीची पिवळी धूळ! मऊ ब्रशने ती झाडली. (धुळीने कॉम्प्युटर बहुधा तापतो आणि चालता चालता बंद पडतो. तरी साफ केलेलं बरं.) रॅमची पट्टी काढून सुती कापडाने पुसली आणि दोन्ही बाजूंनी ‘टक’ होईपर्यंत बसवली. काही जण खोडरबराने खसाखसा घासतात. तसं करू नका. तिच्या टोकांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. नोंद : सकाळी तसंच.

तिसऱ्या दिवशी मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल बदलला. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. २० म्हणजे रुंदी २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. आहे की नाही गंमत? हा ३ व्होल्टचा सेल कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की तारीख चुकते आणि काही कॉम्प्युटर सुरू होतानाही कुरकुरतात. नोंद : तारीख नीट झाली, पण सकाळी तसंच.

चौथ्या दिवशी बाबा वही घेऊन पुन्हा दुकानात गेले. या वेळी खोकं नेलंच नाही! दुकानदाराने पान वाचलं आणि म्हणाला, “हे आधी दाखवायचं ना साहेब!” त्याने एक चांगला पॉवर सप्लाय दोन दिवसांसाठी दिला. तो लावला. सकाळी ६.३०, कडक थंडी, पहिल्याच वेळी सुरू. दुसऱ्या सकाळीही सुरू.

झालं? ताई म्हणाली, “अजून नाही.” तिसऱ्या दिवशी बाबांनी जुना पॉवर सप्लाय परत लावला. सकाळी पुन्हा अडला! आता मात्र खात्री झाली. काढल्यावर दुखणं जातं आणि लावल्यावर परत येतं. चोर सापडला.

थोडं गणित

सगळीच दुखणी अशी सरळ नसतात. समजा, एखादा कॉम्प्युटर सरासरी तीन वेळांत एकदा अडतो. तुम्ही काहीतरी दुरुस्त केलं आणि तो लागोपाठ पाच वेळा सुरू झाला. दुरुस्त झाला का?

दुरुस्ती वाया गेली असेल, तरीही प्रत्येक वेळी तो सुरू होण्याची शक्यता २/३ आहे. पाचही वेळा नुसत्या नशिबाने सुरू होण्याची शक्यता २/३ ला स्वतःने पाच वेळा गुणून मिळते : ३२/२४३, म्हणजे शंभरात सुमारे १३. नशिबाची गोष्ट एवढीही दुर्मीळ नाही! दहा वेळा सुरू झाला तर ती शक्यता शंभरात दोनच्याही खाली येते. म्हणून घाईने ‘झालं’ म्हणू नका. पण हेही ध्यानात ठेवा, ज्या वेळी तो अडायचा त्याच वेळी तपासा. थंडीत अडणारा कॉम्प्युटर दुपारी शंभर वेळा सुरू केला, तरी त्याने काहीच सिद्ध होत नाही.

हे पाठ करा

• खोकं उघडताना मोठं माणूस शेजारी हवंच. आधी बोर्डाचं बटण बंद, वायर काढलेली, मग समोरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

• पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा कधीही उघडायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही ३०० व्होल्टहून जास्त वीज काही काळ राहू शकते. तो दुकानदाराकडेच द्यायचा.

• आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. अंगावरची स्थिर वीज निघून जाते.

• तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अर्थिंगची असते. ती तोडून दोन पिनांवर भागवू नका.

• ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने काही नाही. विजा कडाडत असतील तर वायर आधीच काढून ठेवा.

• लाइट जाऊन आली की लगेच बटण दाबू नका. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलांनी “बघू का?” असं विचारलं तर लगेच “हात लावू नको” म्हणू नका. वायर काढा, शेजारी बसा आणि वही त्यांच्याकडे द्या. दुरुस्ती झाली नाही तरी पाहणं, लिहिणं, पडताळणं ही सवय त्यांना लागेल. आणि दुकानात जाताना ती वही जरूर न्या. ‘कधी कधी अडतो’ या तीन शब्दांपेक्षा तिची दोन पानं दुकानदाराला जास्त उपयोगी पडतात.

आपल्या गोष्टीतल्या घरी आता नवा पॉवर सप्लाय आहे. आजोबांचे फोटो तीन ठिकाणी आहेत. आणि शंभर पानी वहीत अजून ब्याण्णव पानं कोरी आहेत. पुढच्या पानावर ताईने लिहिलंय : “मिक्सर. कधी फिरतो, कधी फिरत नाही.”

तुमच्या घरात काय अडतं, मित्रांनो? आजच रकाने आखा बरं! आणि हो, आजी काही बोलली तर हसून सोडू नका. तेही वहीत लिहून ठेवा.